कागदावर तीन टन, चाकावर दीड : आमच्या जुन्या ट्रॉलीचं काम आणि पासिंग

आमची ट्रॉली दोन चाकी, लहानशी. हौदा नऊ बाय पाच फूट, फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, दीड फूट उंच. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 2010 च्या मे महिन्यात ती नवी घेतली. गाव समुद्रपूर तालुक्यात, जमीन काळी, पिकं कापूस, सोयाबीन, तूर आणि चणा. नवरा ट्रॅक्टर चालवतो, हिशोब आणि कागद माझ्याकडे. जानेवारी ते मे 2025 या काळात आम्ही ही ट्रॉली जास्त ओझं सुखरूप नेईल अशी करून घेतली आणि सोबतच तिची आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, तेही पुढे वाढवून घेतलं. काय केलं, किती लागले, आरटीओत काय विचारतात, हे गावात अजून लोक विचारतात. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

जानेवारीत विम्याचे कागद शोधताना आरसी बुक हातात आलं. वैधता 17 मे 2025 पर्यंत. शेतीची ट्रॉली बिगर-परिवहन वर्गात येते. तिची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि मग तपासणी करून ती वाढवावी लागते. त्याच पानावर दोन आकडे होते: रिकामं वजन 850 किलो, भरून एकूण 3,850 किलो. म्हणजे तीन टन माल. प्रत्यक्षात आम्ही पन्नास किलोच्या तीस पोत्यांवर जातच नव्हतो. तेवढ्यातच पाटे, म्हणजे एक्सलवरच्या कमानीच्या स्प्रिंगा, सरळ व्हायचे आणि टायर फुगून बाहेर यायचे. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 2016 च्या हंगामात मूळ एक्सल वाकला होता. नवा यायला वेळ होता, कापूस घरात पडून होता. भंगारात जुन्या जीपचा एक्सल मिळाला तो बसवला, त्यावर जीपचेच 6.00-16 टायर चढवले. त्या साली काम भागलं आणि पुढे तोच राहिला.

आम्हाला एका खेपेत पन्नास पोती हिंगणघाटच्या बाजार समितीत न्यायची होती. नाही तर दोन खेपा कराव्या लागत, किंवा किरायाची गाडी. भाव चढलेला असतो त्या दिवशी किरायाची गाडी मिळत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

लोखंड कापण्याआधी मी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात जाऊन एक गोष्ट विचारून आले: ट्रॉली मजबूत केली तर कागदावरचं एकूण वजन वाढवून मिळेल का? निरीक्षकांनी शांतपणे समजावलं. एकूण वजन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मालकाला त्याच्याविरुद्ध बदल करता येत नाही. पण जो भार कागदावर आहे तेवढ्याला गाडी खरोखर लायक करायची असेल तर आधी लेखी कळवा, काम झाल्यावर चौदा दिवसांत बदल नोंदवा आणि धरमकाट्याची, म्हणजे गाडी तोलायच्या मोठ्या काट्याची, पावती जोडा. हे ऐकून माझ्या डोक्यातला गोंधळ मिटला. आम्हाला नवा आकडा नकोच होता, जुन्या आकड्याइतकी ताकद हवी होती. ट्रॉली किंवा ट्रॅक्टर कर्जावर असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागते. आमचं कर्ज कधीच फिटलेलं होतं, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवला आहे ना, हे त्याच दिवशी पाहून घेतलं.

बाहेर एका एजंटाने गाडी न आणता पासिंग करून देतो म्हटलं. आम्ही नको म्हटलं. तपासणीच नको असती तर एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं काम धरमकाटा. हे मी सगळ्यांना सांगते, कारण याला शंभर-दोनशे रुपयेच लागतात आणि सगळं चित्र कळतं. ट्रॉली सोडवून, घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूवर, टेकवून एकटी काट्यावर उभी केली की तिचं पूर्ण वजन मिळतं. मग ट्रॅक्टर जोडायचा, ट्रॅक्टर काट्याच्या बाहेर आणि फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर, असं वजन घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रॅक्टरच्या हुकावर पडणारा भार. तीस पोत्यांसह आमचं पूर्ण वजन 2,370 किलो भरलं, चाकांवर 2,200. हुकावर जेमतेम 170, म्हणजे शेकडा सातच.

हा आकडा का महत्त्वाचा ते मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. दोन चाकी ट्रॉलीत हुकावर भार फार कमी पडला तर ट्रॉली मागून जड होते, दांडी, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा भाग, वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात. खूप जास्त पडला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग हाताला लागत नाही. शेकडा दहा ते पंधराच्या आसपास ठेवायचा असं मिस्त्रींचं म्हणणं. आमच्या ट्रॉलीला त्यासाठी एक्सल सहा इंच मागे घ्यावा लागणार होता.

मिस्त्री हिंगणघाटचे, वय साठीच्या पुढे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी ट्रॉली घोडीवर घेतली, चाक वर-खाली हलवून बघितलं. दोन्ही हब, म्हणजे चाकांचे तुंबे, खेळत होते. मग दांडी जिथे चासीला वेल्ड केलेली होती तिथला रंग तारेच्या ब्रशने खरवडला, फडक्याने रॉकेल फिरवलं, थोड्या वेळाने कोरडं पुसून वर खडू घासला. आम्ही बघत उभे होतो. पाच मिनिटांत पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळसर रेघ उमटली, जोडाच्या कडेने वळत गेलेली, बोटभर लांब. तडीत शिरलेलं रॉकेल खडू शोषून घेतो, म्हणून ती दिसते. रंगाखाली ती किती दिवसांपासून होती कोण जाणे. याच दांडीच्या भरवशावर माझा नवरा जाम गावच्या चौकातून हमरस्त्यावर ट्रॉली घेऊन जात होता. तेव्हा मला जी धडकी भरली ती अजून गेलेली नाही.

दांडीच्या टोकाची, पिन घालायची कडीसुद्धा झिजून लांबट झाली होती. मी विचारलं, चासीला पट्ट्या मारल्या तर होईल का? ते म्हणाले, "वहिनी, चासीले कितीबी लोखंड लावा, ओझं तं एक्सल उचलन तेवढंच. आन् थांबवायचं काय? पयले ते पाहा."

पुढचं सगळं काम याच क्रमाने झालं: एक्सल, टायर, पाटे, दांडी, ब्रेक, दिवे. यातला जो सर्वांत कमकुवत, तेवढाच माल. एकावर पैसे ओतून दुसरा तसाच ठेवला तर ट्रॉली फक्त दिसायला भारी होते.

एक्सल नागपुरात सांगितला. ट्रॉलीचाच, चौकोनी, 80 मिलिमीटरचा, सहा बोल्टचे हब आणि ब्रेकच्या ड्रमसह. दुकानदाराला "मजबूत द्या" म्हणू नका, किती किलोचा ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आम्ही चार टनांचा घेतला, म्हणजे आमच्या एकूण वजनापेक्षा थोडा वरचा. तयार नव्हता, तीन आठवडे थांबावं लागलं. त्यात नवरा अस्वस्थ, कारण चणा काढायला आला होता. तो चणा आम्ही किरायाच्या गाडीतूनच पाठवला.

टायर 7.50-16, सोळा प्लायचे. टायरच्या बाजूवर कमाल भार लिहिलेला असतो. दोन्ही टायरचा मिळून भार एक्सलवर येणाऱ्या वजनापेक्षा जास्त हवा. दुसरी गोष्ट चार आकडी शिक्का: पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. 1419 म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. पहिल्या दुकानात असाच पाच-सहा वर्षं पडून असलेला माल नवा म्हणून दाखवला. कोरा करकरीत दिसत होता, पण रबर पडून पडूनही कडक होतं. दुसरीकडून 2024 चे घेतले.

मार्चच्या मध्यापर्यंत सामान जमलं आणि लग्नसराई सुरू झाली. मिस्त्रींचे दोन्ही पोरगे कामावर येईनात. त्यात ऊन. दुपारी पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंग करणं माणसाच्या हातचं नाही, म्हणून काम सकाळी सहा ते अकरा. ठरल्यापेक्षा महिनाभर उशीर झाला.

चासीचे दोन्ही लांब चॅनल, म्हणजे लोखंडी तुळया, काढून 125 बाय 65 मिलिमीटरचे नवे टाकले. हा चॅनल मीटरला साधारण तेरा किलो भरतो, वीस फुटांचे दोन नग म्हणजे एकशे साठ किलोच्या आसपास. लोखंड घेताना हे गणित करून वजनाशी ताडून बघा. दांडीच्या जोडाला मिस्त्रींनी 7018 नंबरची वेल्डिंगची कांडी वापरली. साधी 6013 कांडी हौद्याच्या पत्र्याला चालते, पण जिथे झटके बसतात तिथे नको, हा त्यांचा नियम. 7018 ला ओल चालत नाही, म्हणून पाकीट गरम करून ताजं वापरायचं. खालच्या बाजूला चॅनलच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग किंवा भोक करू दिलं नाही, तड तिथूनच सुरू होते म्हणून.

आणि एक सांगायलाच हवं. चासी नंबर ज्या तुकड्यावर कोरलेला आहे तो कापू नका, घासू नका, त्यावर वेल्डिंग उडू देऊ नका. आमचा नंबर दांडीच्या उजव्या बाजूला पुढच्या आडव्या चॅनलवर होता. तो चॅनल चांगला होता, म्हणून तसाच ठेवला आणि काम चालेपर्यंत त्यावर ओलं पोतं बांधून ठेवलं. हा नंबर गेला तर तपासणीत ट्रॉली कोणाची हेच सिद्ध करता येत नाही.

सर्वांत जास्त चर्चा ब्रेकवर झाली. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. आता ओझं साडेतीन टनांच्या घरात जाणार होतं, ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आत. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून रेटा-ब्रेक बसवला. दांडीच्या तोंडाशी एक दांडा आत-बाहेर सरकतो. ट्रॅक्टरने वेग कमी केला की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत जातो आणि सळईने ड्रममधले ब्रेक ओढले जातात. जेवढा रेटा तेवढा ब्रेक. ट्रॅक्टरमधून पाइप आणावा लागत नाही. फक्त रिव्हर्स घेतानाही दांडा आत जातो आणि चाकं धरतात, म्हणून एक कुलपाची कडी असते. ती लावून मागे घ्यायचं आणि पुढे निघताना आठवणीने काढायची. आम्ही त्या कडीला लाल रंग दिला, लावलेली असेल तर सीटवरून दिसते.

ट्रॅक्टरच्या बाजूने ब्रेकचे लायनर तपासले आणि दोन्ही पॅडल एकाच उंचीला आणले. शेतात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो, पण रस्त्यावर दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी लावलेलीच हवी. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर गरकन फिरतो. मी हे घरात रोज म्हणते. ट्रॅक्टरच्या पुस्तकात किती ओढायची मुभा आहे तेही पाहिलं आणि समोर वजनाच्या पाट्या चढवल्या. हुकाची जागा खालचीच ठेवली. वरच्या लिंकच्या उंचीवर ओढलं की पुढची चाकं उचलतात.

पिन नवी, तिला खालून चिमटा, आणि दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या घेऊन ट्रॅक्टरला. पिन निघालीच तर दांडी रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत राहते. मागचे दिवे, इंडिकेटर, सात पिनी सॉकेट, वायर चासीच्या आतून नळीत घातलेली. मागे लाल चकाकती पट्टी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, आणि संथ वाहनाचा लाल त्रिकोण. रात्री कापसाने भरलेली काळी ट्रॉली मागच्या ट्रकवाल्याला दिसतच नाही, अशा अपघातांच्या बातम्या दर हंगामात वाचतो. पट्टीला दोन हजारही लागत नाहीत. पुढचं काहीच करायचं नसेल तरी निदान एवढं करा.

एप्रिलच्या शेवटी ट्रॉली बाहेर आली. रिकामी वजनात 1,050 किलो. म्हणजे कागदावरच्या 3,850 मधून मालाला उरले 2,800. लोखंड वाढवलं की माल तेवढा कमी होतो, म्हणून उगाच जाड पत्रा चढवू नका. पन्नास पोती 2,500 किलो. तीनशे किलोची जागा राखीव राहिली आणि ती तशीच ठेवायची ठरवली.

चाचणी आधी रिकामी, मग अर्धी, मग पूर्ण पोत्यांची. धरमकाट्यावर पूर्ण वजन 3,550, चाकांवर 3,120, हुकावर 430. शेकडा बारा. मिस्त्रींनी पावती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि मान हलवली. मग नाल्याच्या पुलाचा उतार. नवऱ्याने वर असतानाच खालचा गिअर टाकला, मी बाजूच्या बांधावर उभी. उताराच्या मध्यावर ब्रेक लावला, दांडा आत सरकताना दिसला, आणि ट्रॉली सरळ रेषेत थांबली. मागच्या हंगामात याच उतारावर तीस पोत्यांनी ट्रॅक्टरला पुढे ढकललं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

चाचणीनंतर काही किलोमीटरवर थांबून हबला हात लावून पाहायचा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा ब्रेक घासतो आहे. आमचा डावा हब तापत होता, बेअरिंगचा नट थोडा सैल केला. चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. आमचे यू-बोल्ट खरंच सैल झाले होते.

कागदांचं काम मार्चपासून बाजूने चालू होतं. नूतनीकरणाचा अर्ज नमुना 25 मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. आमच्यासाठी तो काळ मार्चच्या अठरा-एकोणीस तारखेपासून. परिवहनच्या पोर्टलवर सुरुवात केली तर आरसीला मोबाइल नंबरच जोडलेला नव्हता, ओटीपी येणार कुठे? आधी तो नोंदवून घेतला. ज्यांच्या ट्रॉल्या जुन्या आहेत त्यांनी हे आजच बघून ठेवा. नोंदणी, मालकाचं नाव, चासी नंबर पोर्टलवर बरोबर दिसतो का तेही. ट्रॉली मामाजींच्या नावावर असल्याने सह्या त्यांच्याच लागल्या आणि आधारवरचं त्यांचं नाव आरसीशी जुळतं का ते ताडून पाहिलं.

तपासणीची तारीख मेच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. फाइलमध्ये होतं: अर्ज, आरसी, विमा, आधार, बदलाची लेखी माहिती, एक्सल-टायरची बिलं, काट्याच्या पावत्या आणि चासी नंबरचा ठसा. ठसा घ्यायचा तर नंबरवर पारदर्शक चिकटपट्टी लावून वरून पेन्सिल फिरवायची नाही, ते उमटत नाही. आधी नंबर स्वच्छ पुसून त्यावर पेन्सिलचं शिसं घासायचं, मग चिकटपट्टी दाबून उचलायची आणि कागदावर चिकटवायची. दोन-तीन प्रती घरीच करून न्या.

निरीक्षकांनी दिवे, पट्ट्या, टायर, पिन पाहिली, नंबर ताडला, ब्रेक कसा चालतो ते वाकून बघितलं. मामाजी सोबत होते. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच ही ट्रॉली पासिंगला नेली होती. रिकाम्या वजनाचा बदल नोंदला गेला, एकूण वजन 3,850 तेच राहिलं. नवी आरसी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आली.

विम्यासाठी एकच सांगते. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही, तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो आणि पॉलिसीवर तिचा उल्लेख हवा. आपली पॉलिसी काढून वाचा.

खर्च असा: एक्सल, हब, ड्रम 34,000. टायर, ट्यूब, डिस्क 27,000. पाटे 9,500. लोखंड 11,000. रेटा-ब्रेक आणि सळया 14,000. मजुरी 18,000. दिवे, वायर, पट्टी 3,200. रंग 2,800. एकूण 1,19,500 रुपये, सरकारी फी आणि विमा सोडून. तूर विकल्यावर आलेल्या पैशांतून निम्मे दिले, बाकीचे मिस्त्रींनी हंगामापर्यंत थांबून घ्यायचं कबूल केलं. ज्यांची चासीच गंजून पोखरली असेल त्यांनी दुरुस्तीच्या फंदात पडू नये, नवी घ्यावी. आमची चासी पुढच्या बाजूने निरोगी होती आणि कागद स्वच्छ होते, म्हणून हा मार्ग परवडला.

वेग आम्ही भरल्या ट्रॉलीला वीसच्या वर जाऊ देत नाही. वीसऐवजी तीसने गेलं तर वेग दीडपट होतो, पण थांबवायला ताकद सव्वादोनपट लागते. कापूस काढायच्या आधी स्टेपनी घ्यायची आहे आणि मागच्या फाळक्याच्या कड्या बदलायच्या आहेत. मिस्त्रींनी दिवाळीआधी हब उघडून ग्रीस बघायला बोलावलं आहे.